घराभोवतीची भिंत किती उंच असावी, हे पालिकेने का ठरवावं?

पाऊलवाट
आमच्या वळणावरच्या घरमालकांनी गेल्या महिन्यात रस्त्याच्या बाजूची बुटकी भिंत आणि जाळी पाडून तिथे पुरुषभर उंचीची भरीव भिंत उभी केली. आधी वळायच्या आतच समोरून कोण येतंय ते दिसायचं. आता वळल्यावरच कळतं. परवा सायकलवरची दोन मुलं एका गाडीच्या इतकी जवळ आली, की गाडी चालवणाऱ्या बाई खाली उतरून बराच वेळ कडेला बसून राहिल्या. कोणाला लागलं नाही. मी घरमालकांना भेटायला गेले. ते म्हणाले, "जागा माझी, पैसा माझा, भिंत माझी."

भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेत याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजून कंपाउंडची भिंत जास्तीत जास्त १.५ मीटर. २.४ मीटर हवी असेल, तर वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसेल असा हवा. कोपऱ्याच्या प्लॉटला चौकाच्या दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भाग फक्त ०.७५ मीटर, त्यावर हवं तर रेलिंग. ही संहिता म्हणजे नमुना आहे, पालिका आपापल्या नियमावलीत त्यात फेरफार करतात. पण तो ०.७५ चा आकडा उगाच आलेला नाही. गाडीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १.२ मीटरच्या आसपास असतात. लहान मूल दिसायचं तर भिंत त्याच्या बरीच खाली हवी.

माझं म्हणणं सरळ आहे. हा नियम सक्तीने पाळायला लावावा, आणि आधीच बांधून झालेल्या उंच भिंतीही उतरवायला लावाव्यात.

चौकट
ताई, कोपऱ्याचं मला पटतं. बाकीचं अजिबात नाही.

मी आणि माझी आई, दोघीच राहतो. आमच्या दारावरचा रस्ता दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा नवा थर घेऊन वर येतो. जुना थर कधी खरवडत नाहीत. भिंत बांधली तेव्हा छातीएवढी होती, आता रस्त्यावर उभं राहिलं की कमरेला लागते. येणारा-जाणारा थेट आईच्या खाटेपर्यंत बघतो. मी भिंत वाढवायला काढली तर परवानगी आणा, नकाशा आणा. रस्ता वाढवणाऱ्याने मात्र मला काही विचारलं नव्हतं.

"आरपार दिसेल असा भाग" हे ऐकायला बरं वाटतं. आरपार दिसायला नको, एवढ्यासाठीच तर भिंत बांधतात!

ओळंबा
मी बांधकामावर बरीच वर्षं देखरेख केली आहे. इथे सगळे दिसण्या-न दिसण्यावर बोलताय. मला भिंत पडण्याबद्दल बोलायचं आहे.

घराच्या भिंतीला वर स्लॅब असतो, आडव्या भिंती असतात. कंपाउंडची भिंत एकटी उभी असते, तिला फक्त पायाचा आधार. वाऱ्याचा सारखा दाब धरला, तर भिंत उलथवणारा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो. दीड मीटरची तीन मीटर केली की तो दुप्पट होत नाही, चौपट होतो. एका बाजूला माती भरलेली असेल आणि पावसात ती पाण्याने तुंबली, तर पाण्याचा उलथवणारा जोर उंचीच्या घनाने वाढतो, म्हणजे आठपट. लोक काय करतात? जुन्याच पायावर, जुन्याच नऊ इंची भिंतीवर चार थर चढवतात. कधी तर वरचा भाग साडेचार इंचीच असतो. मध्ये पिलर नाहीत, पाणी निघायला खाली भोकं नाहीत. गवंडी सांगेल तो पाया आणि मालक सांगेल ती उंची.

२०१९ साल आठवा. २९ जूनच्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्याच वर्षी २ डिसेंबरला तमिळनाडूत मेट्टुपाळयमजवळच्या नडूर गावात एका खासगी घराची सुमारे वीस फुटी कंपाउंड भिंत पावसात दलित वस्तीवर पडली. १७ माणसं झोपेतच मेली. त्या भिंतीबद्दल वस्तीतल्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या.

भिंत ज्याची असते तो सहसा तिच्याखाली सापडत नाही. त्यामुळे "माझी भिंत, माझी मर्जी" हे मला मान्य नाही.

हद्दखुण
ओळंबा, तुमच्या आकड्यांशी वाद नाही. पण त्यातून निघतं ते एवढंच, की भिंत नीट बांधा. बुटकी बांधा हे कुठून आलं? उंचीची मर्यादा घालणं हा पालिकेचा सोपा मार्ग आहे. फूटपट्टी लावली की काम झालं. पाया किती खोल आहे, सळई आहे का, हे बघायला माणूस पाठवावा लागतो, तो कोणी पाठवत नाही. पाया नसलेली दीड मीटरची भिंत कायद्यात बसते आणि चांगल्या पायावरची अडीच मीटरची बेकायदा ठरते. हा न्याय झाला?

आणि सगळं जग बुटक्या भिंतींचं आहे असंही नाही. फ्रान्सच्या नागरी संहितेत कलम ६६३ आहे. शहरात शेजाऱ्याला सामाईक भिंतीच्या खर्चात सहभागी व्हायला तुम्ही भाग पाडू शकता. स्थानिक नियम किंवा रूढी वेगळं सांगत नसेल, तर ५० हजार किंवा जास्त वस्तीच्या शहरात नवी भिंत निदान ३.२ मीटर हवी, लहान गावांत २.६ मीटर. तिथे कायद्याने कमाल नाही, किमान उंची सांगितली आहे. एकांत हीसुद्धा गरज आहे, हे त्यांनी मानलं.

ओळंबा
ती दोन शेजाऱ्यांमधली भिंत, रस्त्याकडची नव्हे. पाऊलवाट यांची तक्रार रस्त्याकडच्या भिंतीची आहे. इंग्लंडमध्ये हा फरक स्पष्ट केलेला आहे. वाहनांच्या रस्त्यालगत १ मीटरपर्यंत आणि इतरत्र २ मीटरपर्यंत भिंत किंवा कुंपण साधारणपणे वेगळ्या परवानगीशिवाय बांधता येतं. त्यावर जायचं तर अर्ज करा. मला ही वाटणी सगळ्यात शहाणपणाची वाटते.

"नीट बांधा, उंच बांधा" याचं उत्तर जपानने मोजून दिलं आहे. १९७८ च्या मियागी भूकंपात २८ माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त ब्लॉकच्या आणि दगडी भिंतींखाली. त्यानंतर १९८१ मध्ये ब्लॉकच्या भिंतीची कमाल उंची ३ मीटरवरून २.२ मीटरवर आणली. जाडी, सळया, आधाराच्या भिंती हेही लिहून दिलं. म्हणजे उंची आणि मजबुती दोन्ही. तरीही १८ जून २०१८ ला ओसाकाच्या भूकंपात ताकात्सुकी इथे शाळेच्या पोहण्याच्या तलावाची भिंत पडून नऊ वर्षांची मुलगी गेली. तलावाच्या कठड्यावर ब्लॉक चढवून ती भिंत ३.५ मीटर झाली होती. नियम होता, पण कोणी मोजलं नव्हतं. हद्दखुण, माणूस पाठवायला हवा हे तुमचं बरोबर आहे. म्हणून फूटपट्टी फेकून द्यायची का?

सावली
शेजाऱ्याच्या भिंतीने आमच्या स्वयंपाकघरातला उजेड गेला. सुखाधिकार कायदा १८८२ चा आहे. त्यात वीस वर्षं अखंड मिळत आलेल्या उजेडा-हवेचा हक्क धरला आहे. आमच्या घराला अकराच झाली. म्हणून आमच्यासारख्यांना उंचीच्या नियमाशिवाय आधार नाही. एवढंच सांगायचं होतं.

चौकट
सावलीताई, तुमच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. पण तुमचा उजेड आणि माझ्या आईचा आडोसा एकाच मापाने कसा मोजणार? रस्त्याच्या कडेला मला दोन मीटर भरीव भिंत द्या, पाया तपासून द्या, फी घ्या. नाहीतर रस्ता खरवडून मूळ पातळीवर आणा. यातलं काहीच न करता मला बेकायदा ठरवू नका.

पाऊलवाट
चौकट, रस्त्याचं तुमचं म्हणणं मी विचारात घेतलं नव्हतं. आता मला वाटतं, मोजमाप रस्त्याच्या मध्यापासून असेल तर रस्ता वर आल्यावर भिंत तेवढीच वाढवायला वेगळी परवानगी लागूच नये. जुन्या सगळ्या भिंती उतरवा असं मी वर लिहिलं, तेही घाईचं होतं. आधी कोपऱ्यावरच्या आणि माती अडवून धरलेल्या भिंती बघाव्यात.

पण भरीव दोन मीटरला माझा विरोध कायम आहे. आडोसा खिडकीला पडद्याने, वेलीने, मागे सरकवलेल्या जाळीनेही मिळतो. वळणावरच्या मुलाला दुसरा उपाय नाही.

घरमालकांकडे उद्या पुन्हा जाणार आहे. त्यांना गाडीत चालकाच्या जागेवर बसवून त्याच वळणावर नेणार आहे. ओळंबा, भिंतीची उंची रस्त्याच्या मध्यापासून नक्की कशी घ्यायची, ते आज रात्रीपर्यंत लिहाल का? टेप घेऊनच जाते.

ओळंबा
पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा. बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक रस्त्याच्या मध्यावर उभ्या पट्टीला, दुसरं भिंतीला लावा. पाण्याची पातळी दोन्हीकडे खूण करा आणि तिथून मोजा. भर रस्त्यात उभं राहावं लागेल, म्हणून सकाळी वर्दळ सुरू व्हायच्या आत जा. सोबत कोणालातरी घ्या.