तळ्याकाठची वाट सपाट नसते

खडीच्या वाटेवर सायकल चालवायला ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरलेले ३५ मिलिमीटर रुंदीचे टायर चालतील का आणि तळ्याच्या काठाकाठाने गेलं तर चढ टळतील का, असं एकाने विचारलंय. आधी दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो, कारण माझाही अंदाज तिथेच चुकला होता. नकाशावर ही वाट सपाट दिसते. पण डोंगराळ भागात तळ्याला मिळणारा प्रत्येक ओढा ओलांडायला ती खाली उतरते आणि पुढच्या सोंडेवर परत चढते. असे २० मीटरचे २० चढ झाले की ४०० मीटर चढाई होते! म्हणून अंतराआधी एकूण चढाई बघा. सर्वांत हलक्या गिअरमध्ये मागच्या चक्रीला पुढच्यापेक्षा जास्त दाते हवेत, नाहीतर सुट्या खडीवर उभं राहून पॅडल मारावं लागतं आणि मागचं चाक जागीच फिरतं.

६० पीएसआय मात्र नक्कीच जास्त आहे. टणक टायर खडीवर उसळतो, पकड जाते, मनगटं भरून येतात. शक्य असेल तर ४० ते ४५ मिलिमीटरचे ट्यूबलेस घ्या आणि ३०-३५ पीएसआयपासून सुरुवात करून आपल्या वजनाप्रमाणे कमीजास्त करा. ट्यूब असेल तर थोडी जास्त हवा ठेवा, नाहीतर दगडावर रिमखाली चिमटून ती फुटते.

आणि जंगलातली ओली मुळं! ती शक्यतो काटकोनात ओलांडा आणि ब्रेक त्याआधीच लावून घ्या.