मधुमेह झाला म्हणून भात सोडायचा का?

देवगडकर:
रक्तातल्या साखरेची एचबीएवनसी तपासणी केली, 8.1 आलं. (6.5 पासून मधुमेह धरतात.) तेव्हापासून शेजारपाजारचे, एसटीत भेटणारे, सगळ्यांचा एकच धोशा: भात बंद. हाती आलेल्या आहारतक्त्यात ओट्स आणि पनीर. पनीर आणायला आम्हाला तालुक्याला जावं लागतं, बांगडा दारात येतो! माझं मत, ताट आपलंच ठेवावं, क्रम आणि प्रमाण बदलावं. आधी भाजी, माशाची तुकडी, कुळथाची पिठी. भात शेवटी, एकच मूद, तोही उकड्या तांदळाचा. असं जेवलं की साखर सावकाश चढते, ग्लुकोमीटर लावून बघा. भात साफ सोडणारे चतुर्थीपर्यंत टिकतात आणि मग मोदकांवर तुटून पडतात.

म्हापशाहून:
साफ नामंजूर. 'आपलं ताट' हे कौतुक पुरे झालं. आयसीएमआर-इंडियाबच्या देशभरच्या पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले, त्यात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात, 26.4 टक्के. इथलं ताट कुठलं? शीत, कडी, नुस्तें. म्हणजे तुमचंच. आजोबा डोंगराएवढा भात खायचे ते दिवसभर चिखलणी करून. आपण दूध आणायलाही स्कूटर काढतो. आणि मूद कोण मोजतं? माझी तर हळूहळू फुगतच जायची. सोडला भात, रोजची घासाघीस संपली.

कुडाळचो:
भात नाय तर जेवलंय असा वाटणाच नाय माका. पण चालणा बंद झाला ता मात्र खरा आसा.

सिस्टर_रत्नागिरी:
सोडा किंवा ठेवा, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने भात तोडू नका. गोळी घेतली आणि पोटात पुरेसं काही नाही, की साखर 70 च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. दुसरं, नाचणी म्हणजे औषध नव्हे. भाकरी ठीक, पण वस्त्रगाळ सत्त्वात गूळ घालून प्यायलात तर साखर झपाट्याने चढणार. गूळही शेवटी साखरच, कितीही गावठी असला तरी.

सावंतवाडीची_सून:
सगळी चर्चा खाणाऱ्यांची चाललीय. रांधणारीचं काय? ह्यांना भाकरी, मुलांना भात, सासूबाईंना पेज. मी एकच ताट केलं सगळ्यांना: भाजी जास्त, भात कमी. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत. म्हापशाहून, तुम्ही भात सोडलात, पण त्याऐवजी भाकऱ्या थापतं कोण?

म्हापशाहून:
बायको. मुद्दा घेतला. भातावरचं मत मात्र कायम.

देवगडकर:
गोव्याचा आकडा मान्य, पण त्यावरून एकटा भात दोषी ठरत नाही. बैठं काम, बेकरीचे पाव, रात्री उशिराची जेवणं, हे कुणी मोजायचं? एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं. पुढच्या तपासणीत आकडा खाली नाही आला तर तुमचं ऐकेन.

म्हापशाहून:
तीन महिन्यांनी म्हणजे मे. देवगडात, मे महिन्यात, घरात हापूसच्या पेट्या. मूद मोजाल हो, आमरसाची वाटी कोण मोजणार?

देवगडकर:
आमरस बंदच. अर्धा आंबा, फोडी करून, जेवणाबरोबर नाही, चारच्या सुमाराला.

कुडाळचो:
देवगडात ऱ्हवान अर्धो आंबो? उरलेलो अर्धो खंय जातलो ता सांग आधी!