मदत हवी आहे: लग्नानंतर माहेरचं नाव परत लावायचंय

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईसाठी विचारतो आहे. सासरचं नाव तिला आपलं वाटतच नाही. लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कोणत्याच कायद्यात नाही, पण कागदं अडतात. मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार अन् पासबुक सासरच्या. वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस फेरफार (वारस म्हणून नाव लावायची नोंद) घेताना हेच आडवं येतं.

आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, एक संधी लग्नानंतर गेली. आता इंग्रजी स्पेलिंगचं एक अक्षर चुकलं तर दुसरीही वाया. म्हणून आधी राजपत्र (सरकारी गॅझेटमध्ये नावबदल छापून घेणं), मग आधार, मग पॅन अन् बँक, हा क्रम बरोबर ना? फेरफाराला तलाठी नुसत्या राजपत्रावर भागवतात, की ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्रही मागतात? यवतमाळ-वाशिमकडे कोणी केलं असेल तर सांगा.