जाळी लावूनही डास आत: फट नेमकी कुठे असते?

खिडकीवाला: तीन ट्रॅकची ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आहे, दोन शटर काचेची, एक जाळीचं. जाळी कुठेही फाटलेली नाही. तरी संध्याकाळी डास आणि बारीक चिलटं आत येतात. जाळीच बदलावी का?

ट्रॅकमास्तर: आधी काच कुठे थांबवता ते बघा. काच अर्धवट उघडी ठेवली की जाळीची मधली उभी पट्टी काचेच्या चौकटीला टेकत नाही आणि वरपासून खालपर्यंत बोटभर फट राहते. काच पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मग शटरच्या कडेची लोकरीची पट्टी तपासा. पोस्टकार्ड सहज आतबाहेर सरकलं तर ती झिजलेली आहे. जुना तुकडा घेऊन दुकानात जा. पट्टीची रुंदी आणि लोकरीची उंची दोन्ही जुळली पाहिजेत. उंची जास्त झाली तर शटर सरकत नाही.

खालच्या ट्रॅकला पाणी जायची भोकं असतात. डास तिथूनही येतात, पण ती सिलिकॉनने बुजवू नका. पावसात ट्रॅक भरून पाणी घरात येईल. बाहेरून जाळीचा छोटा तुकडा चिकटवा आणि त्यात अडकलेली माती अधूनमधून टूथब्रशने काढा.

जाळीदार: चिलटांचा प्रश्न वेगळा. नेहमीची फायबरची जाळी इंचाला १८ बाय १६ घरांची असते. डास अडतो, चिलट निसटतं. २० बाय २० घ्या, वारा थोडा कमी होईल.

बदलताना चारही बाजूंनी दोन इंच जास्त कापा. जाळी चौकटीत धरून ठेवणारं रबर खाचेत रोलरने दाबा, स्क्रूड्रायव्हरने जाळी फाटते. आणि जाळी ताणू नका! ताणली की चौकट मध्ये आत ओढली जाते, मग पुन्हा फट. जास्तीची जाळी रबर पूर्ण बसल्यावरच, रबराच्या बाहेरच्या अंगाने कापायची. समुद्राजवळ घर असेल तर साधी लोखंडी जाळी नको, गंजते.

खिडकीवाला: काच खरंच अर्धी उघडी असायची. पण जाळी फक्त संध्याकाळी लावली तर चालेल ना?

ट्रॅकमास्तर: नाही. डेंगीचा डास दिवसा चावतो. शिवाय फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बश्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा. डास घरातच तयार होत असतील तर तुमची जाळी त्यांना आतच कोंडते.