मदत हवी आहे: सीआरएमबी टाकीत चार दिवस पडून खाली गाळ बसलाय, वापरू का नको?

नमस्कार मंडळी, मी सातारा जिल्ह्यात एका छोट्या ठेकेदाराकडे हॉट मिक्स प्लांटवर आहे, डिप्लोमा होऊन दोनच वर्षं झालीत, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. एका जिल्हा मार्गाचं ३० एमएम बीसीचं (बिटुमिनस काँक्रीट, वरचा डांबरी थर) काम आहे आणि टेंडरला सीआरएमबी ५५ आहे, म्हणजे जुन्या टायरचा चुरा घातलेलं डांबर. आजवर आम्ही सगळी कामं व्हीजी ३० वर, म्हणजे साध्या डांबरावर केली, हे पहिलंच. टँकर उतरवला आणि दुसऱ्याच दिवशी वळीव सुरू. उद्या उघडेल, उद्या उघडेल करत टाकी गरम ठेवली पण पंप काही कुणी फिरवला नाही, आणि आमच्या टाकीत ढवळायची पाती नाहीत.

पाचव्या दिवशी सुरू करायला गेलो तर गिअर पंप नुसता घरघरतोय. बर्नरवाल्याने मला न विचारता ताप चढवला, काटा दोनशेच्या पुढे गेला होता म्हणे. मग मी वरून एक आणि खालच्या कॉकमधून एक असा नमुना काढला. वरचा साध्या डांबरासारखा गुळगुळीत चकचकीत, खालचा पळीवर घेतला तर रव्याच्या शिऱ्यासारखा दाणेदार. रिंग-बॉल (सॉफ्टनिंग पॉइंट, म्हणजे डांबर मऊ पडायचं तापमान बघायची चाचणी) लावला तर वरचा ५१ डिग्रीला पडला आणि खालचा ६४ ला!! सप्लायर म्हणतो माल ओके होता, तुम्ही बिघडवला. मालक म्हणतात व्हीजी ३० मारून पातळ कर आणि उरक, पाऊस तोंडावर आलाय. जेई (खात्याचे ज्युनिअर इंजिनिअर) रोज फोन करतायत. काय करू?

आणि एक, आधी थोडा माल टाकला होता त्यावर टायर रोलर फिरवला तर चाकांना माल चिकटून पोपडे निघाले, ऑपरेटरने डिझेल मारलं. चालतं का?

प्रतिसाद १
डिझेल अजिबात नको रे, डांबर कापतं ते, तिथेच पुढे खड्डा पडणार. रबरवाला माल टायरला चिकटतोच, कॅलिफोर्नियात तर रबर डांबरावर टायर रोलर चालवतच नाहीत, स्टीलचेच चालवतात. तू पण स्टील रोलर घे, ड्रमवर पाणी, आणि माल गरम आहे तोवर दाब.

प्रतिसाद २
भाऊ, रबर डांबरात विरघळत नाही, डांबरातलं हलकं तेल पिऊन फुगतं फक्त, त्यामुळे उभं राहिलं की खाली बसणारच. ॲरिझोनात १९६० च्या दशकात हे सुरू झालं तेव्हापासून ते लोक साईटवरच ढवळून लगेच वापरतात, आपल्याकडे टँकरने तयार येतं आणि मग टाकीत झोपतं. आता १७० च्या आसपास धरून पंपाने खालून वर फिरवत राहा, तीनचार तास तरी. मग वर, मध्ये, खाली असे तीन नमुने. पण नुसत्या सॉफ्टनिंग पॉइंटवर जाऊ नको. दोनशेच्या वर जास्त वेळ गेला असेल तर रबर तुटतं आणि ताण निघून जातो, म्हणून इलॅस्टिक रिकव्हरी करून घे. १५ डिग्रीला ओढून कापलेला डांबराचा धागा तासाभरात निम्मा तरी मागे आला पाहिजे. नाही आला तर तो माल गेला समज. आणि व्हीजी ३० मिसळलंस तर ते सीआरएमबी राहतच नाही, बिल अडकेल ते वेगळंच. जेईंना आजच लेखी कळव, नंतर सांगितलंस तर सगळं तुझ्या गळ्यात.

मूळ लेखक
दोघांचे आभार. दुपारपासून फिरवतोय, पंपाचा आवाज बराच निवळलाय. जेईंना सांगितलं, आधी तापले पण मग म्हणाले उद्या नमुने त्यांच्यासमोर काढायचे. मालक बोलत नाहीयेत माझ्याशी. फिरवूनही तळाशी घट्ट थर राहिलाच तर तो काढायचा कसा, कुणी काढलाय का?