ऑलिंपिकचं सेलिंग आपल्या किनाऱ्यावर आलं तर गावाला झेपेल का?

दर्याकाठ (मालवण तालुका)

नमस्कार मंडळी. 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली हे माहीत आहेच, आणि 2036 च्या ऑलिंपिकसाठीपण आपला देश प्रयत्न करतोय, त्याचा निर्णय अजून व्हायचाय. आता अहमदाबादला समुद्र नाही म्हणजे सेलिंग, सर्फिंग हे कुठल्यातरी किनाऱ्यावर न्यावं लागणारच, आणि आमच्या गावच्या ग्रुपवर सध्या हाच विषय चाललाय की मालवण-वेंगुर्ल्याने आत्तापासून मागणी लावून धरायची. सरकारी असं काहीच नाही, नुसती चर्चा. पण माझा धाकटा भाऊ एवढ्यावरच होमस्टेला वरचा मजला चढवायला कर्ज काढायचं म्हणतोय.

मला स्पर्धा नको असं अजिबात नाही हां. आपल्या पोरांनी तारकर्लीच्या पाण्यात जगातले खेळाडू बघावेत असं मनापासून वाटतं. पण मे महिन्यात आमच्या वाडीत टँकरची वाट बघत बसतात, हायवेचं काम वर्षानुवर्षं चालूच, गणपतीत गाव फुल्ल झालं की कचऱ्याचं काय करायचं ते कळत नाही. अशा ठिकाणी एवढं मोठं काही आलं तर नेमकं काय होतं? दुसरीकडे काय झालं ते माहीत असेल तर सांगा. आणि भावाला काय सांगू?

रापणकरी

आधी तारखेचं बघा. ऑलिंपिक बहुतेक वेळा जुलै-ऑगस्टात असतं, आणि आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत तर शहाणा माणूस होडी लोटत नाही. त्या समुद्रात सेलिंग कसं घेणार? म्हणजे तारखा हिवाळ्यात ढकलणार, आणि हिवाळा हाच आमचा सगळा सीझन.

सेलिंगला किनाऱ्यापासून थोडं आत पाण्यात मोठमोठे भाग आखून देतात, त्यात दुसरी होडी नको, वर सुरक्षा म्हणून किनारा बंद. ट्रॉलरवाला लांब जाऊन मारेल. रापणीचं तसं नाही, जाळं होडीने गोल टाकायचं आणि दोन्ही दोर वाळूवरून माणसांनी ओढायचे, त्याला किनाऱ्याचा मोकळा पट्टाच लागतो आणि प्रत्येक रापणीची जागा ठरलेली. ती जागा महिना-दोन महिने गेली तर दोर ओढणारी म्हातारी माणसं, बायका, ज्यांचा वाटा त्या दिवसाच्या मासळीवर, त्यांच्या घरात काहीच येत नाही. नुकसानभरपाई बोटीच्या मालकाला कागद दाखवून मिळेल, दोर ओढणाऱ्याकडे कसला कागद? आमका कोण इचारतला, हाच माझो पयलो प्रश्न.

ताहितीचं वाचा, पॅसिफिक महासागरातलं फ्रान्सच्या ताब्यातलं बेट. पॅरिस 2024 चं सर्फिंग तिथे तेआहुपो नावाच्या छोट्या गावात झालं. परीक्षकांसाठी जुना लाकडी मनोरा होता तो काढून प्रवाळावर मोठा अॅल्युमिनियमचा मनोरा उभारायचं ठरलं. गावातले मच्छीमार, सर्फर रस्त्यावर उतरले. मग मनोरा 14 टनावरून 9 टनावर आणला. तरी डिसेंबर 2023 मध्ये सामान नेणाऱ्या बार्जने (सपाट तळाच्या मोठ्या होडीने) चाचणीतच प्रवाळ तोडलं. स्पर्धा झाली, पुरुषांचं सुवर्ण ताहितीच्याच पोराने मारलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूलापण प्रवाळ आहे, ते विसरू नका.

पणजी_ते_पनवेल

मी साईटवर काम करणारा माणूस, त्यामुळे बांधकामाचं तेवढं सांगतो. अशा स्पर्धेत तारीख हलत नाही ही सगळ्यात मोठी भानगड आहे. जागा ताब्यात यायला उशीर, परवानगीला उशीर, टेंडरला उशीर, आणि उरलेलं सगळं काम शेवटच्या सहा महिन्यांत कोंबायचं, मग भाव वाढवून मागतात आणि द्यावेच लागतात. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेचं 3 ऑक्टोबरला उद्घाटन होतं आणि 21 सप्टेंबरला नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल पडला, 27 कामगार जखमी. दुसऱ्या दिवशी वेटलिफ्टिंगच्या हॉलमधल्या फॉल्स सीलिंगचे तुकडे खाली आले.

आपल्या शेजारचं बघा, गोव्यात लुसोफोनिया गेम्स (पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या स्पर्धा) नोव्हेंबर 2013 ला व्हायच्या होत्या, मैदानं तयार नव्हती म्हणून जानेवारी 2014 ला गेल्या. नॅशनल गेम्स 2016 च्या म्हणत म्हणत शेवटी ऑक्टोबर 2023 ला झाल्या. आणि मधे गुजरातने 2022 ची नॅशनल गेम्स काही महिन्यांच्या तयारीत घेऊन टाकली कारण बरीचशी मैदानं, हॉल आधीपासून उभे होते. जिथे आधीपासून आहे तिथे निभावतं.

मालवणात तर आपण डोळ्यांनी बघितलंय. नौदल दिनासाठी 4 डिसेंबर 2023 ला इथल्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा केला आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो पडला. नऊ महिनेसुद्धा नाही. चौकशीत गंज आणि वेल्डिंगचं आलं. आज लिहितानापण वाईट वाटतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधा नटबोल्टपण एका पावसाळ्यात लाल होतो, इथे लोखंडावर काँक्रीटचं जास्त जाड कव्हर लागतं, काँक्रीटला नीट पाणी मारावं लागतं, 28 दिवसांची ताकद 28 दिवसांनीच येते, मंत्री कधी येणार यावर ती ठरत नाही. किनाऱ्यावर काहीही बांधायचं तर आधी वेळ मागा, पैसे नंतर.

बँकवाली_ताई

@दर्याकाठ तुमच्या भावासाठी लिहितेय. कर्ज खात्यात काम करते, घोषणेवर कर्ज काढलेली माणसं बघितलीत.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने 2026 ची राष्ट्रकुल मोठ्या शहरात न घेता जीलाँग, बॅलरॅट, बेंडिगो अशा लहान शहरांत वाटून घ्यायची ठरवली होती. एप्रिल 2022 ला जाहीर केलं, सगळे खूश, आणि जुलै 2023 ला सरकारने सरळ रद्द केलं कारण खर्च 2.6 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरवरून 6-7 अब्जांवर जाईल असं म्हणाले. रद्द केल्याबद्दलच 38 कोटी डॉलर मोजावे लागले. मग ती स्पर्धा ग्लासगोने घेतली, तीपण फक्त 10 खेळ आणि 4 ठिकाणं एवढीच. त्याआधी डर्बनकडून 2022 ची काढून घेऊन बर्मिंगहॅमला दिली होती. म्हणजे करार होऊनसुद्धा हातातून जातं, इथे तर अजून कोणी मागितलेलंही नाही.

आणि आली समजा, तरी सेलिंग दोन आठवड्यांचं. कर्जाचा हप्ता जून-जुलैच्या रिकाम्या खोलीतपण भरावा लागतो. तेआहुपोला बरेच खेळाडू तर जहाजावर राहिले होते. भावाने मजला चढवायचा असेल तर नेहमीच्या डिसेंबर आणि मेच्या पर्यटकांवर हिशोब जुळतो का तेवढं बघावं, जुळला तर खुशाल चढवावा.

जांभ्याचं_घर

कर्जापेक्षा मला संडासाच्या टाकीचं जास्त वाटतं. हसू नका, खरं सांगतोय. आपल्याकडे किनाऱ्यालगत किती होमस्टे झाले, प्रत्येकाला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, आणि खाली वाळू नाहीतर जांभा, त्यातून पाणी झिरपत शेजारच्या विहिरीत. आमच्या शेजारच्यांनी खोल्या वाढवल्या तेव्हापासून आईने परड्यातल्या विहिरीचं पाणी प्यायचं बंद केलं, नुसतं भांड्यांना वापरतो, पन्नास वर्षांची विहीर. तिथे एकदम दुप्पट माणसं आली तर?

रिओमध्ये 2016 ला ज्या ग्वानाबारा उपसागरात सेलिंग होतं तिथलं 80 टक्के सांडपाणी शुद्ध करून सोडू असं वचन दिलं होतं, जमलं नाही, खेळाडू घाण पाण्यातच उतरले. चीनमध्ये चिंगदाओला 2008 च्या ऑलिंपिकचं सेलिंग होतं, तिथे पाण्यात हिरवं शेवाळ एवढं माजलं की 10,000 वर लोक आणि हजारभर होड्या काढायला लावल्या.

पण पॅरिसने केलं ते मला पटतं. सेन नदीसाठी 1.4 अब्ज युरो घातले, पावसाचं आणि गटाराचं पाणी साठवायला जमिनीखाली 50,000 घनमीटरची टाकी केली. तरी पाऊस पडला आणि पुरुषांची ट्रायथलॉन (नदीत पोहणं, मग सायकल, मग धावणं) एक दिवस पुढे गेली, लोकांनी शिव्या घातल्या. पण 2025 च्या जुलैत तिथल्या साध्या लोकांना नदीत पोहायला परवानगी मिळाली, जी 1923 पासून बंद होती. स्पर्धा संपली, नदी राहिली. मागायचंच तर असं काहीतरी मागूया ना, स्टेडियमचं आपल्याला काय करायचंय, सांडपाण्याची लाईन मागा, बारमाही नळ मागा, जेट्टी दुरुस्त करून मागा. आणि स्पर्धा नाही आली तरी हे पाहिजेच, त्यासाठी ऑलिंपिकची वाट बघत बसायचं कारण नाही.

दर्याकाठ

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तारखेचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता. भावाला ताईंचं उत्तर वाचून दाखवलं, तो जरा गप्प झालाय, डिसेंबर-मेचा हिशोब मांडूया म्हणाला. पुढच्या ग्रामसभेत सांडपाण्याचा विषय मी मांडणार आहे, स्पर्धेचं नावसुद्धा न घेता.

रापणकरी

मांडतलास तर आमचापण एक घ्या. रापण खंय खंय लागता त्या जागा आधी गावच्या नकाशावर लिहून घ्या आणि ठराव करा. किनाऱ्याचे सरकारी नकाशे येतात त्यात मासे सुकवायची जागा, जाळी ठेवायची जागा नीट दाखवली आहे की नाही तेपण बघा. उद्या सेलिंग येवो, रिसॉर्ट येवो की जेट्टी येवो, कागदावर जागा असली तरच बोलता येतं. आमच्या वाडीतल्या जुन्या माणसांना घेऊन मी येतो, त्यांना खडक न खडक पाठ आहे.