ऐरोलीचं जैवविविधता केंद्र: बोटीची वेळ रोज का बदलते?

डोंबिवलीकर: लेक आठ वर्षांची. फ्लेमिंगो रंग लावतात का, असं विचारून डोकं खाल्लंय. रविवारी ठाणे खाडीवर न्यायचंय, पण फोनवर म्हणाले, बोटीची वेळ ठरलेली नसते. असं कसं?

खाडीकाठची: ठरलेली असते हो, पण चंद्राने! भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. पूर्ण ओहोटीत बोट गाळात रुतते, पूर्ण भरतीत पक्ष्यांना उभं राहायला चिखलच उरत नाही. मधली वेळ साधावी लागते. रंग शेवाळातला, पिल्लं करडीच असतात. मे उलटला की पक्षी जातात, तेव्हा लवकर जा. पण फ्लेमिंगोंसाठीच धावू नका. माझा मुलगा तिवराच्या पानावर बोट फिरवून चाखत बसला होता: खारट! झाड मीठ पानांतून बाहेर टाकतं. शिवाय चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारतात. (आमच्याकडे त्यांचं कालवणही होतं, ते लेकीला सांगू नका.)

डोंबिवलीकर: सांगितलं. आता तिला निवट्याच बघायच्यात.

तिसरा_फाटा: टोपी न्या. बोटीवर सावली शोधू नका.